तक्ता कोणाचा, तहान कोणाची?

मृग नक्षत्र लागले की मुंबईच्या वृत्तपत्रांतून एक तक्ता नित्यनेमाने प्रसिद्ध होऊ लागतो. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी अशी सात जलाशयांची नावे, प्रत्येकापुढे त्या दिवशीचा उपयुक्त साठा आणि तळाशी एक टक्केवारी. सातही जलाशय पूर्ण भरले म्हणजे १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. या टक्केवारीवरून पाणीकपात लागू होते आणि उठते. महापालिकेच्या सभागृहात तिच्यावरून वाग्युद्धे झडतात. दीड कोटींच्या घरात लोकवस्ती असलेल्या महानगराचा जीव या एका आकड्यात गोळा झालेला असतो.

हा आकडा थोडा उलगडून पाहिला पाहिजे. अप्पर वैतरणा २,२७,०४७, मध्य वैतरणा १,९३,५३० आणि मोडकसागर १,२८,९२५ दशलक्ष लिटर. ही तिन्ही धरणे एकट्या वैतरणा नदीवर आहेत आणि त्यांची बेरीज ५,४९,५०२, म्हणजे एकूण साठ्याच्या सुमारे ३८ टक्के होते. त्यांपैकी मध्य वैतरणेचे शंभर मीटरहून उंच धरण मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ उभे आहे. २०१४ साली त्याचे लोकार्पण झाले. त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन जव्हार-मोखाडा हे आदिवासी तालुके नव्या पालघर जिल्ह्यात गेले. जिल्हा बदलला, पाण्याची दिशा बदलली नाही. पावसाळ्यात धो धो पाऊस झेलणाऱ्या या डोंगराळ मुलखात उन्हाळा चढू लागला की विहिरी तळ गाठतात, झरे आटतात, आणि पाड्यापाड्यांवर रिकामे हंडे टँकरची वाट पाहत रांगेत बसतात.

मुंबईच्या तक्त्यात या रांगेला जागा नाही. ती कोणी द्वेषाने वगळली असे नव्हे. तक्ता आखणाऱ्याने 'महानगराला किती दिवस पाणी पुरेल?' हा एकच प्रश्न समोर ठेवला, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरात मोखाडा बसत नाही. परंतु राजकारणाचा आरंभ नेमका येथेच होतो. कोणता प्रश्न विचारायचा हे ज्याने ठरवले, त्याने कोणते उत्तर दिसणार हेही ठरवून टाकलेले असते. आकडे कसे मांडावेत, यंत्राच्या पडद्यावर काय उजळावे आणि काय अंधारात राहावे, हा विषय आज अभियंत्यांचा आणि आरेखकांचा म्हणून बाजूला सारला जातो. श्रमिकांच्या चळवळीनेही तो तसाच बाजूला सारला. ही उपेक्षा आता परवडणारी नाही.

दिवा आज्ञेचा, झडपेचा नव्हे

कारखान्याच्या नियंत्रण कक्षात चुकीची मांडणी कोणता अनर्थ करू शकते, हे जगाने २८ मार्च १९७९ रोजी पाहिले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात पहाटे एक झडप उघडली आणि बंद होण्याऐवजी उघडीच अडकून राहिली. अणुभट्टी थंड ठेवणारे पाणी तिच्यातून वाहून जात होते. समोरच्या फलकावर मात्र झडप बंद असल्याची खूण दिसत होती. याचे कारण असे की तो दिवा झडपेच्या प्रत्यक्ष स्थितीशी जोडलेलाच नव्हता. झडपेला 'बंद हो' ही आज्ञा गेली आहे, एवढेच तो सांगत होता. आज्ञा गेली होती, झडप मिटली नव्हती. त्यातच पहिल्या काही मिनिटांत शंभरांहून अधिक धोक्याच्या सूचना एकदम वाजू लागल्या. त्यांतली प्राणघातक कोणती आणि किरकोळ कोणती हे कळण्याची सोय नव्हती. अणुगर्भात पाणी किती उरले आहे हे थेट दाखवणारे साधनच फलकावर नव्हते. दोन तासांहून अधिक काळ झडप उघडी राहिली आणि अणुगर्भाचा मोठा भाग वितळला. अध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या केमेनी आयोगाने सारा दोष कामगारांच्या माथी मारला नाही. प्रशिक्षणाबरोबर नियंत्रण कक्षाच्या रचनेवरही त्याने बोट ठेवले.

भोपाळची कथा याहून भयंकर आहे. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीतील दाब पाळी बदलताना वाढलेला दिसत होता. पण कारखान्यातील उपकरणांवर कामगारांचा विश्वास उरलेला नव्हता, आणि तो आकडा नेहमीच्या मर्यादेत बसत असल्याने त्याची भीती वाटली नाही. वायुगळती ओळखण्याचे त्यांचे खरे साधन फलकावर नव्हते. डोळ्यांची आग होऊ लागली की गळती आहे असे ते समजत. खर्च वाचवण्यासाठी शीतकरण यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद केलेली होती. जेथे यंत्राचा काटा खोटा ठरतो, तेथे माणसाच्या शरीराला काटा व्हावे लागते, आणि ते शरीर नेहमी कामगाराचे आणि कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या झोपडीतल्या माणसाचे असते.

या आपत्तींनंतर भांडवली उद्योगानेही आपल्या स्वार्थापुरता धडा घेतला. आज यंत्रनियंत्रणाच्या पडद्याविषयी जे मान्यताप्राप्त संकेत आहेत, त्यांत पार्श्वभूमी करडी ठेवावी, सर्व सुरळीत असताना पडदा निस्तेज दिसावा, आणि भडक रंग केवळ बिघाडासाठी व धोक्यासाठी राखून ठेवावा असे सांगितलेले असते. धोक्याच्या सूचना मोजक्या असाव्यात, प्रत्येक सूचनेबरोबर काय करायचे ते ठरलेले असावे, आणि आज्ञा व प्रत्यक्ष स्थिती या दोन गोष्टी वेगवेगळ्या दाखवाव्यात. थोडक्यात, चांगला नियंत्रण फलक मालकाची स्तुती करीत नाही. तो संकटाकडे बोट दाखवतो.

शासनाचा हिरवा पडदा

हीच कसोटी शासनाच्या डॅशबोर्डांना लावून पाहावी. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली. २०२४ पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात नळ देण्याचे वचन होते. ते पुरे झाले नाही, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात मुदत २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. या योजनेच्या पडद्यावर नळजोडण्यांचा आकडा सतत वर चढताना दिसतो आणि नकाशावर जिल्ह्यांचे रंग पालटत जातात. योजनेच्या स्वतःच्या व्याख्येप्रमाणे माणशी दररोज ५५ लिटर पाणी नियमित मिळाले तरच ती जोडणी कार्यरत म्हणावी. परंतु तोटी बसली की आकडा चढतो. तोटीतून पाणी किती दिवस आले, उन्हाळ्यात आले की नाही, उद्भव आटला की काय, हे त्या आकड्याला ठाऊक नसते. थ्री माइल आयलंडचा दिवा येथे जसाच्या तसा लागला आहे. आज्ञा गेली, देयक निघाले, ठेकेदाराचा हिशेब पुरा झाला; पाणी आले की नाही, हे विचारायला खोडाळ्याच्या किंवा सूर्यमाळच्या पाड्यावर जावे लागते.

शासनाच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. या योजनेत गावाने आपण 'हर घर जल' झाल्याचे आधी कळवायचे आणि मग ग्रामसभेने ठराव करून ते प्रमाणित करायचे, अशा दोन पायऱ्या आहेत, आणि दोन्ही आकडे स्वतंत्र दाखवले जातात. तरतूद उत्तम आहे. पण जाहिरातीत आणि मंत्र्यांच्या भाषणात कोणता आकडा मिरवतो? नेहमी पहिला. वस्तुतः त्या दोन आकड्यांतील अंतर हाच खरा धोक्याचा दिवा आहे, आणि तोच कोपऱ्यात लपवून ठेवलेला आहे.

पोषणाचेही तेच. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. तेव्हापासून या मुलखातील कुपोषणाविषयी समित्या झाल्या, अहवाल झाले, वर्गीकरणाच्या पट्ट्या बदलल्या. पट्टी बदलली की आकडा बदलतो, पोर मात्र तेवढेच हाडकुळे राहते. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला. अंगणवाडी सेविकेने मोबाइलवर वजन-उंची भरायची आणि दिल्लीतील पडद्यावर नकाशा रंगायचा. हे साधन घडवताना ज्या बाईच्या हाती ते पडणार होते, तिला कोणी विचारले होते काय? ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले. फोन निकृष्ट आहेत, वारंवार बंद पडतात आणि ॲप इंग्रजीत आहे, ही त्यांची तक्रार होती. प्रादेशिक भाषा पुढे त्यात आल्या. मराठीत लिहिलेले दिसावे एवढ्यासाठी मानधनावर राबणाऱ्या स्त्रियांना आंदोलन करावे लागावे, यातच त्या साधनाचा खरा मालक कोण हे उघड होते.

भाषा आली, पण जाच संपला नाही. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या शिध्यासाठी लाभार्थ्याचा चेहरा ॲपने ओळखणे सक्तीचे झाले. दरीतल्या पाड्यावर जाळे मिळत नाही, जुन्या फोनचा कॅमेरा धूसर, दिवाळीनंतर निम्मा पाडा वीटभट्टीवर गेलेला. सेविका त्या गरोदर बाईला नावाने आणि घराने ओळखते, तिच्या पहिल्या बाळंतपणालाही तीच धावून गेलेली असते. पण तिची ओळख आता पुरेशी नाही. यंत्राने मान डोलावली तरच शिधा. रोजगार हमीच्या मजुरांवरही हाच प्रयोग झाला. १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवरील हजेरी ॲपवर दिवसातून दोनदा छायाचित्र काढून लावणे सक्तीचे करण्यात आले. भ्रष्टाचार थांबेल असे सांगण्यात आले. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून कबूल करावे लागले की भलतीच छायाचित्रे, इतकेच काय छायाचित्रांची छायाचित्रे चढवून खोटी हजेरी लावली जात आहे. चोराला वाट सापडली, आणि जाळ्याअभावी ज्याची हजेरी लागली नाही त्या मजुराची मजुरी तेवढी बुडाली.

पंधरा आण्यांचा जुना वाद

समाजवाद्यांना हा वाद नवा नाही. १९६३ साली लोकसभेत राममनोहर लोहियांनी 'तीन आण्यां'चा प्रश्न उभा केला. देशातील बहुसंख्य गरीब माणूस दिवसाला तीन आण्यांवर जगतो असे त्यांचे म्हणणे, तर सरकारी बाजूचे उत्तर होते की उत्पन्न पंधरा आणे आहे. दोघांचे आकडे याच देशाचे होते. फरक असा होता की पंधरा आण्यांच्या सरासरीत बिर्ला आणि भूमिहीन मजूर एकाच ओळीत बसवले होते, आणि लोहियांनी वरचा थर बाजूला काढून तळच्या माणसाचा आकडा मांडला होता. आकडा कसा मांडावा हा प्रश्न तेव्हाही गणिताचा नव्हता, न्यायाचा होता.

मुंबईच्या पाण्याच्या तक्त्यातही हीच सरासरी दडली आहे. महापालिका दिवसाला ३,८०० दशलक्ष लिटरांहून अधिक पाणी पुरवते. लोकसंख्येने भागले तर चित्र समाधानकारक दिसते. पण मोखाड्याच्या धरणातून निघालेले ते पाणी मुंबईतील प्रत्येक श्रमिकाला समान मिळते असे नाही. अनधिकृत ठरवलेल्या झोपडपट्ट्यांतील माणसाला पाण्याचा हक्क आहे, हे सांगण्यासाठी डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला निर्णय द्यावा लागला. तेव्हा मोखाड्याचा आदिवासी विरुद्ध मुंबईचा श्रमिक असा झगडा लावून देणाऱ्यांपासून सावध राहिले पाहिजे. एकाच तक्त्याने दोघांनाही अदृश्य केले आहे.

वही आणि अंगठा

काही साथी म्हणतील, आदिवासीला भाकरी हवी, त्याच्यापुढे पडद्यांची चर्चा कशाला? या आक्षेपाचे उत्तर ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात आहे. १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडीची प्रथा यांविरुद्ध उठाव केला, तेव्हा जमीनदार-सावकाराचे मोठे शस्त्र होते त्याची वही. काय दिले, काय फिटले, किती उरले हे वहीत. वही सावकाराच्या गादीखाली. आणि वारल्याचा फक्त अंगठा. वहीत काय लिहिले आहे हे ज्याला दिसत नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या ऋणकोच राहतो. आज वही दिल्लीच्या आणि मुंबईच्या संगणकात आहे आणि अंगठ्याच्या जागी चेहरा आला आहे. भाकरी कोणाला मिळावी हे ठरवण्याची सत्ता पडद्याकडे गेली असताना पडद्याचा प्रश्न भाकरीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.

याच्या उलट टोकाचाही एक भ्रम चळवळीत आहे. संगणक आला की बेकारी आली, म्हणून यंत्रच नको, अशी भूमिका एके काळी घेतली गेली. तिच्यामागची कळकळ खरी होती, पण तिने मैदान प्रतिपक्षाला मोकळे सोडले. नॉर्वेतील लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेने वेगळी वाट धरली. १९७० च्या दशकाच्या आरंभी संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टेन नीगार्ड यांना तिने मालकांसाठी नव्हे तर स्वतःसाठी कामाला लावले, कारखान्यात येणाऱ्या संगणकाचा अभ्यास कामगारांनीच केला, आणि १९७५ साली या तंत्राविषयी कामगारांना माहितीचा व सहभागाचा हक्क देणारा राष्ट्रीय करार झाला. पुढे १९८१ ते १९८५ या काळात स्कँडिनेव्हियातील मुद्रण कामगारांनी आपल्या छपाईच्या कामासाठी हवे तसे संगणकाचे पडदे स्वतः आरेखित करून पाहिले. त्यांचे पहिले नमुने पुठ्ठ्याचे आणि कागदाचे होते. कामाचे ज्ञान ज्याच्या हातात असते त्यालाच फलक कसा असावा हे सांगता येते, एवढा साधा सिद्धांत त्यामागे होता.

चिलीचा दाखला याहून उद्बोधक आहे. १९७१ पासून अध्यक्ष आयेंदे यांच्या समाजवादी सरकारने ब्रिटिश तज्ज्ञ स्टॅफर्ड बीअर यांच्या साहाय्याने राष्ट्रीयीकृत कारखाने टेलेक्सच्या जाळ्याने जोडले. सान्तियागोत सात खुर्च्यांचा नियंत्रण कक्ष उभारला. खुर्चीच्या हातावर मोठाली बटणे होती, म्हणजे टंकलेखन न येणाऱ्या कामगारालाही पडदा हाताळता यावा. ऑक्टोबर १९७२ मध्ये ट्रकमालकांनी देश वेठीस धरला, तेव्हा त्या जाळ्याने पुरवठा चालू ठेवण्यास हातभार लावला. ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावाने तो प्रयोग सरकारसह चिरडला. पण त्याचे गुणगान करताना त्याची उणीवही सांगितली पाहिजे. कारखान्यांची प्रतिमाने कामगारांसह घडवण्याचा संकल्प होता, प्रत्यक्षात ती बहुतांशी अभियंत्यांनीच आखली. समाजवादी सरकारच्या कक्षातही कामगारासाठी बटण मोठे झाले. बटण दाबल्यावर काय दिसावे हे ठरवण्याचा अधिकार त्याला पुरता मिळाला नाही. मोठे बटण म्हणजे लोकशाही नव्हे.

लोकांच्या हाती राहणारी मांडणी अशक्य नाही. कुपोषण ओळखण्यासाठी बालकाच्या दंडाचा घेर मोजण्याची एक साधी पट्टी आहे. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, १२.५ पर्यंत पिवळी, त्यावर हिरवी. तिला वीज लागत नाही, जाळे लागत नाही, इंग्रजी लागत नाही. निरक्षर आईलाही रंग दिसतो, आणि मुख्य म्हणजे सेविकेला जे दिसते तेच आईला त्याच क्षणी दिसते. माहिती आणि तिचा धनी यांच्यामध्ये कोणी उभा राहत नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाई भरवून हजेरीपटांचे वाचन भर गावात सुरू केले, तेव्हा मेलेल्या माणसांच्या नावे निघालेली मजुरी लोकांनीच पकडली. माहितीच्या अधिकाराचा कायदा त्याच मातीत रुजला. सरकारी वही उघड्यावर वाचली गेली, हीच त्या आंदोलनातील क्रांती होती.

काय मागावे

तेव्हा मागणी 'डॅशबोर्ड बंद करा' ही असू नये. दिवा झडपेला जोडा, ही मागणी असावी. नळजोडण्यांच्या आकड्याआधी पाणी आलेल्या दिवसांचा आकडा दाखवावा, आणि ग्रामसभेने प्रमाणित केलेली संख्या हीच शासनाची अधिकृत संख्या मानावी. जव्हार-मोखाडा हे पाचव्या अनुसूचीचे क्षेत्र आहे आणि १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला येथे विशेष अधिकार दिले आहेत. मग गावाविषयीचा आकडा गावाला न दाखवता मंत्रालयात का मिरवावा? दर महिन्याचा पाण्याचा, शिध्याचा आणि मजुरीचा हिशेब पाड्यावरच्या भिंतीवर ठळक मराठीत लिहिला जावा. यंत्र बंद पडले, चेहरा जुळला नाही, जाळे नव्हते, या कारणांवरून कोणाचाही शिधा वा मजुरी रोखता येणार नाही आणि सेविकेची लेखी नोंद ग्राह्य धरली जाईल, असा स्पष्ट शासननिर्णय निघावा. सेविकांच्या व मजुरांच्या संघटनांच्या संमतीशिवाय त्यांच्या हाती कोणतेही नवे ॲप देऊ नये.

यासाठी कार्यकर्त्यांनी आकड्यांची भीती टाकली पाहिजे. मोर्चाच्या निवेदनाबरोबर पाड्यापाड्याचा स्वतः केलेला तक्ता तहसीलदारापुढे ठेवता आला पाहिजे: कोणत्या विहिरीला कोणत्या तारखेला तळ लागला, टँकर किती दिवसांनी आला, किती जणींचा शिधा यंत्राने नाकारला. सरकारच्या हिरव्या नकाशाला भाषणाने उत्तर देऊन भागणार नाही. लोकांनी मोजलेल्या आकड्यानेच ते द्यावे लागेल.

आणि मुंबईच्या साथींनी एक मागणी आपल्या महापालिकेकडे करावी. सात जलाशयांच्या त्या नित्याच्या तक्त्यात तळाशी आठवी ओळ घालावी: या धरणांच्या तालुक्यांत आज किती गावपाडे टँकरवर आहेत. टँकरचे अहवाल शासन तयार करतेच. ओळ छापायला एक पैसाही जादा पडणार नाही. धरणांच्या पाण्यावर पहिला हक्क त्यांच्या काठच्या माणसांचा, हा लढा त्या एका ओळीने जिंकला जाणार नाही हे उघड आहे. पण रोज सकाळी नळ सोडणाऱ्या लाखो श्रमिकांना ते पाणी कोणाच्या दारावरून आले हे दिसू लागेल, आणि त्यांच्यापुढे मोखाड्याची मागणी घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्याला आरंभ कोठून करावा हा प्रश्न पडणार नाही.